सायंटॉलॉजीतून बाहेर पडताना: आधी काय, नंतर काय

सायंटॉलॉजी ही एल. रॉन हबर्ड या अमेरिकन लेखकाने काढलेली, स्वतःला धर्म म्हणवणारी संस्था. ती सोडायचं ठरवलेला माणूस आणि त्याचे घरचे, दोघंही बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. घरचे झीनूची गोष्ट काढून बसतात. साडेसात कोटी वर्षांपूर्वीचा आकाशगंगेचा हुकूमशहा, ज्वालामुखी, बॉम्ब, हे असलं तू खरं मानतोस? ज्याला हे विचारलं जातं त्याने ती गोष्ट अनेकदा वाचलेलीही नसते, कारण ती ‘ओटी थ्री’ नावाच्या बऱ्याच वरच्या पायरीवर उलगडते. तिथे पोचेपर्यंत माणसाची काही वर्षं आणि भरपूर डॉलर गेलेले असतात. सोडणारा दुसरी चूक करतो. पहिल्याच आठवड्यात तो पैसे परत मागणारं पत्र धाडतो किंवा फेसबुकवर लांबलचक निवेदन टाकतो. मग आत असलेली बायको, भाऊ, धंद्यातला भागीदार एका झटक्यात तुटतात.

श्रद्धा सगळ्यात शेवटी गळते, म्हणून तिच्याशी आधी भांडू नका. कागदपत्रं, पैसा, झोप, मग भाषा, मग आठवणी आणि शेवटी श्रद्धा, हा क्रम धरा. तो उलटला की माणूस एक तर परत आत जातो, नाहीतर बाहेर एकटा पडतो.

महाराष्ट्रात या संस्थेचा फारसा वावर नाही. पण कॅलिफोर्नियात, फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर-टॅम्पा भागात किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाची तिच्याशी गाठ पडू शकते. कधी रस्त्यावरच्या ‘मोफत स्ट्रेस टेस्ट’च्या टेबलावर पडते, कधी नोकरीच्या ठिकाणी ‘हबर्ड मॅनेजमेंट’चं प्रशिक्षण म्हणून. गेली काही वर्षं मी बाहेर पडणाऱ्यांशी आणि त्यांच्या इकडच्या आईवडिलांशी बोलत आले आहे. पुन्हा पुन्हा त्याच चुका दिसतात म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

## १. ओढ नेमकी कशाची होती, ते कागदावर आणा

‘मी फसलो म्हणजे मी मठ्ठ’ हा निष्कर्ष आधी पुसून टाका. तुम्हाला ज्यांनी आत ओढलं त्या गोष्टी एकेक करून पाहिल्या तर त्यातल्या बहुतेक कोणावरही चालतील अशा आहेत.

सुरुवात 200 प्रश्नांच्या चाचणीने होते. नाव ‘ऑक्सफर्ड कपॅसिटी ॲनालिसिस’, पण विद्यापीठाशी तिचा काही संबंध नाही. शेवटी एक आलेख हातात येतो आणि त्यातला खाली गेलेला भाग दाखवून कोणी तरी हळुवारपणे विचारतं, ‘इथे काय बिनसलंय?’ 1948 साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचं वर्णन म्हणून एकच मजकूर सगळ्यांना वाटला होता. तो आपल्याला किती लागू पडतो याला त्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. ‘मला कसं बरोबर ओळखलं!’ या भावनेचा उगम इतका साधा असू शकतो.

मग येतो ‘रूइन’. हबर्डने 1965 साली प्रचारासाठी चार पावलांची कवायत लिहून दिली. संपर्क साधा, आक्षेप हाताळा, समोरच्याचा रूइन शोधा, आणि सायंटॉलॉजी त्यावर उपाय आहे हे त्याला समजू द्या. रूइन म्हणजे तुमचं आयुष्य ज्यापायी नासतंय असं तुम्हाला वाटतं ती गोष्ट. मोडलेलं लग्न, तोतरेपणा, वडिलांशी न बोलणं, बढती हुकणं. गळ खोटा असला तरी तो ज्या जखमेत रुतला ती जखम खरी होती.

तिसरी गोष्ट ई-मीटर, म्हणजे मनातलं दाखवतं असं सांगितलं जाणारं सुईचं यंत्र. हा प्रसंग सावकाश बघा, कारण इथेच बऱ्याच जणांचा विश्वास बसतो. तुमच्या दोन्ही हातांत पत्र्याचे दोन डबे दिले जातात. समोरची व्यक्ती तुमच्या दंडाला हलका चिमटा काढते आणि सुई उजवीकडे झुकते. थोडं थांबून ती म्हणते, ‘आता तो चिमटा आठवा.’ सुई पुन्हा हलते. अंगावर काटा येतो, यंत्राला मनातली आठवण दिसली! प्रत्यक्षात तळहाताच्या त्वचेचा विद्युतरोध घामाने, पकडीने, उत्तेजनेने क्षणाक्षणाला बदलत असतो, आणि चिमट्याच्या आठवणीनेही शरीर किंचित दचकतं. सुई हलली हे खरं. ती का हलली याचा अर्थ मात्र समोरची व्यक्ती लावते. हे यंत्र कोणत्याही रोगाच्या निदानाला किंवा उपचाराला उपयोगी नाही, अशी सूचना त्यावर असली पाहिजे, असं अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने 1971 मध्येच बजावलं आहे.

चौथी गोष्ट टीआर, म्हणजे ट्रेनिंग रूटीन. समोरासमोर खुर्च्या, हलायचं नाही, नुसतं समोरच्याकडे बघत राहायचं, तेही बराच वेळ. नजर एका जागी खिळली की कडेची दृश्यं विरून जातात, हे ट्रॉक्सलर नावाच्या डॉक्टरने 1804 मध्येच नोंदवलं होतं. चेहरे बदलताना दिसणं, आपण शरीराबाहेर असल्यासारखं वाटणं, हे डोळ्यांचं आणि मेंदूचं नेहमीचं काम आहे. तिथे त्याला ‘एक्स्टिरिअर झालास’ म्हणतात.

पाचवी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऑडिटिंगमध्ये, म्हणजे तिथल्या प्रश्नोत्तरांच्या बैठकीत, कोणी तरी तुमचं म्हणणं मध्येच न तोडता, सल्ला न देता, तास न् तास ऐकतं. आपल्या घरात हे किती वेळा घडतं? ‘त्यात काय एवढं’, ‘आमच्या वेळी तर’, ‘जाऊ दे’, याच वाक्यांवर वाढलेल्या माणसाला ते ऐकलं जाणं औषधासारखं लागतं. तुम्हाला मिळालेला आराम खोटा नव्हता. तो ऐकण्यातून आला होता, पण श्रेय ‘टेक’ला, म्हणजे हबर्डच्या तंत्राला, दिलं गेलं.

आणि दार आतून लावणारी कडी म्हणजे न समजलेला शब्द. पुस्तकातलं काही पटलं नाही, जांभई आली, कंटाळा आला, तर मागे जा, तुला एखादा शब्द कळलेला नाही, तो शब्दकोशात शोध. म्हणजे असहमत व्हायला जागाच नाही. शंका आली की ती तुमचीच चूक. त्यावर प्रत्येक कोर्सच्या शेवटी स्वतःच्या हाताने ‘सक्सेस स्टोरी’ लिहायची. आपल्या अक्षरात लिहिलेलं आपण सहजासहजी नाकारत नाही.

काय करायचं: एक कागद घ्या. वर लिहा, ‘माझा रूइन काय होता?’ खाली लिहा, ‘मला तिथे खरोखर काय मिळालं?’ आणि शेवटी, ‘ते नेमकं कशामुळे मिळालं?’ हा कागद घडी घालून ठेवा. तो पुढे लागणार आहे.

तपासा: दुसऱ्या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर तुम्ही अजून रागात आहात. आठवड्याने पुन्हा लिहा.

## २. तयारी: कोणालाही न सांगता

तुम्ही घाबरट आहात म्हणून हे गुपचूप करायचं नाही. तिथे एकमेकांबद्दल लेखी अहवाल देणं, ‘नॉलेज रिपोर्ट’, हे सदस्याचं कर्तव्य मानलं जातं. तुमचा जिवलग मित्रही ते मनापासून, तुमच्या भल्यासाठी म्हणून करेल. त्याला त्या पेचात टाकू नका.

आधी कागद. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, जन्मदाखले, लग्नाचा दाखला, पदव्या, सोशल सिक्युरिटी कार्ड, मुलांचे कागद. मूळ प्रती तुमच्या ताब्यात, स्कॅन केलेल्या प्रती संस्थेशी संबंध नसलेल्या ईमेलवर. पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात असेल आणि मागूनही मिळत नसेल तर तुमच्या भागाच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जा. फ्लोरिडासाठी तो अटलांटात आहे.

पूर्णवेळ कर्मचारी म्हणून आर-1 या धार्मिक कार्यकर्त्याच्या व्हिसावर असाल तर दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला भेटा. तुमचा वैध मुक्काम त्या मालकाशी बांधलेला आहे. जबरदस्तीने राबवून घेतलं जातंय, बाहेर जाऊ दिलं जात नाही, असं असेल तर अमेरिकेतली मानवी तस्करीविरोधी हेल्पलाइन 1-888-373-7888 वर चोवीस तास कोणी तरी बोलायला असतं.

मग पैसा. ज्या कार्डांचे तपशील रजिस्ट्रारकडे, म्हणजे तिथल्या विक्रेत्याकडे, आहेत ती कार्डं बंद करून नवी घ्या. ऑडिटिंग साडेबारा तासांच्या गठ्ठ्यांनी विकलं जातं आणि आगाऊ पैसे भरलेले असतात. तुमच्या नावावर किती शिल्लक आहे याची पावती, ईमेल, बँकेच्या नोंदी जमवून ठेवा. फक्त जमवा, आत्ता कोणाकडे काही मागू नका. तुमच्या नावावर नवीन कर्ज निघेल अशी भीती असेल तर इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही ठिकाणी क्रेडिट फ्रीज करा. 2018 पासून ते फुकट आहे.

कामाच्या जागी हे कोर्स सक्तीचे असतील तर तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, एवढं रोज दोन ओळींत लिहून ठेवा. धार्मिक शिकवण सक्तीने घ्यायला लावणं अमेरिकेच्या 1964 च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध आहे. तक्रारीची मुदत मात्र 180 दिवसांची असते, काही राज्यांत 300. ती हातची जाऊ देऊ नका.

आणि एक माणूस. संस्थेबाहेरचा, तुम्हाला न ओरडणारा, रात्री अकराला फोन उचलणारा एकच माणूस. त्याला सगळी गोष्ट सांगायची गरज नाही. ‘मी अडचणीत आहे, काही आठवडे तुझी गरज लागेल’, इतकं पुरे.

सावधान: जोडीदार आत असेल आणि मुलं असतील तर ताब्याच्या प्रश्नावर कौटुंबिक वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय घर सोडू नका. मुलांना घेऊन अचानक भारतात निघून येणं हा उपाय नाही. परदेशी न्यायालयात तेच तुमच्यावर उलटतं.

## ३. वाट निवडा

इथे सगळ्यात महागडी चूक होते, म्हणून थांबून वाचा. समोर दोन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे हळूहळू विरणं. कामाचा ताण वाढला, तब्येत बरी नाही, प्रवास आहे, असं करत कोर्सरूममध्ये जाणं कमी करायचं. भांडण नाही, जाहीर काही नाही. बाहेर पडलेली मंडळी याला ‘अंडर द रडार’ म्हणतात. आई, मुलगा, बायको, भागीदार यांपैकी कोणीही आत असेल तर बहुतेक वेळा हीच वाट बरी.

दुसरी वाट म्हणजे स्पष्ट सांगून निघणं. यात ‘सप्रेसिव्ह पर्सन’ (एसपी), म्हणजे संस्थेचा शत्रू, म्हणून जाहीर केलं जाण्याची तयारी ठेवावी लागते. तसं झालं की आतल्या माणसांनी तुमच्याशी संबंध तोडायचे असतात. त्याला ‘डिस्कनेक्शन’ म्हणतात. हा प्रत्येकाचा वैयक्तिक निर्णय असतो असं संस्थेचं म्हणणं आहे. पण ज्याला पुढच्या पायऱ्या चढायच्या आहेत त्याच्यापुढे दुसरा पर्याय कितपत उरतो, ते तुम्ही आत राहून पाहिलेलंच आहे. तुमचं कोणीच आत नसेल, किंवा तुम्ही आधीच तोडले गेला असाल, तर ही वाट मोकळी आहे आणि लवकर संपते.

पैसे परत मागणं हे दुसऱ्या वाटेत मोडतं. परतावा मागणाऱ्याला पुढच्या सेवा बंद होतात हे संस्थेचं जुनं धोरण आहे. म्हणून आई आत असताना परताव्याचं पत्र धाडणं म्हणजे आईला पत्र न लिहिता तिचा निरोप घेणं.

कर्मचारी असाल तर ‘राउटिंग आउट’चा, म्हणजे संस्थेच्या रीतीने बाहेर पडण्याचा, आग्रह होईल. एक शेवटची भेट, एक शेवटचा ‘सेक चेक’ (ई-मीटरवर घेतलेली कबुलीची उलटतपासणी), काही सह्या. ‘ब्लो’ करणारा, म्हणजे न सांगता निघणारा, काही तरी पाप लपवतो म्हणूनच पळतो, ही शिकवण तुमच्याही डोक्यात आहे. म्हणून ‘मी तसा नाही’ हे सिद्ध करायला तुम्ही त्या खोलीत जाल. जाऊ नका. कोणाला काही सिद्ध करायचं देणं तुम्ही लागत नाही. ‘फ्रीलोडर डेट’ म्हणून नोकरीत असताना घेतलेल्या कोर्सेसचं बिल हातात ठेवलं जाईल. वकिलाने वाचल्याशिवाय ना पैसे भरा, ना सही करा.

तपासा: तुम्हाला भेटीला बोलावणाऱ्याने कारण सांगितलं का? ‘फक्त पाच मिनिटं’ असं असेल तर उत्तर एकच: ‘काय ते ईमेलवर कळवा.’

## ४. पहिले तीन महिने: शरीर आधी

या काळात विचार करायचा नाही, असं मी लोकांना सांगते आणि ते चिडतात. विचार तर येणारच. पण निर्णय घेऊ नका. घटस्फोट, नोकरी सोडणं, मुलाखत देणं, पुस्तक लिहिणं, सगळं तीन महिन्यांनी.

झोप, जेवण, चालणं. कर्मचारी म्हणून वर्षानुवर्षं पाच तास झोपलेल्या माणसाचं डोकं आधी झोप मागतं. वरणभात आणि दहा तास झोप, हा पहिल्या पंधरवड्याचा अभ्यासक्रम.

‘प्युरिफिकेशन रनडाउन’ केलं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा: रोज तास न् तास सॉना आणि नायसिनचे मोठे डोस. लाजून ‘डिटॉक्स केलं होतं’ एवढंच म्हणू नका. नायसिनचे मोठे डोस यकृताला बाधू शकतात, म्हणून रक्ततपासणी करून घ्या. मानसिक आजाराची, फिटची, मधुमेहाची औषधं आत असताना बंद केली असतील तर जुन्या डोसने आपली आपण सुरू करू नका. आधी डॉक्टर.

मध्येच ‘तरंगल्यासारखं’ होईल. एखादा वास, एखादं वाक्य, समोरच्याची रोखलेली नजर, आणि क्षणात तुम्ही परत त्या खोलीत, त्या मनःस्थितीत. भीतीने हातपाय गार पडतात, ‘मी चूक केली, आता मला काही तरी होणार.’ हे बहुतेकांना होतं आणि कमी होत जातं. तेव्हा करायचं ते साधं आहे. पाय जमिनीवर टेकवा, आजची तारीख आणि गावाचं नाव मोठ्याने म्हणा, समोरच्या पाच वस्तूंची नावं मराठीत घ्या. नंतर वहीत लिहा: कशामुळे झालं, किती मिनिटं टिकलं. महिन्याभराने त्या नोंदी चाळल्या की मिनिटं घटलेली तुमची तुम्हाला दिसतात.

आजारी पडलात, गाडी ठोकली गेली, तर डोकं सांगेल, ‘पुल्ड इट इन’, तूच ओढवून घेतलंस. ते वाक्य ओळखा. सर्दी होते.

## ५. भाषा उतरवणं

बाहेर पडून वर्ष झालेली, राग निवळलेली, पैशांची घडी बसलेली माणसंही आतूनच बोलत असतात, कारण शब्द तेच असतात. ज्या शब्दांनी तुम्ही विचार करता त्याच शब्दांनी तुम्हाला धरून ठेवलं होतं. चीनमधल्या ‘विचार-सुधारणे’तून सुटून आलेल्या कैद्यांचा 1950 च्या दशकात अभ्यास करणारे मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी या लक्षणाला ‘भारित भाषा’ म्हटलं. एक छोटा ठोकळेबाज शब्द येतो आणि विचार तिथेच थांबतो.

मराठी माणसाच्या हाताशी इथे एक मोठी सोय आहे, आणि ती कोणी वापरताना दिसत नाही. ती सगळी परिभाषा तुमच्या डोक्यात इंग्रजीतून शिरली. मराठीला तिचा स्पर्श झालेला नाही. म्हणून हा टप्पा मराठीतच करा, तुम्ही एरवी इंग्रजीत विचार करत असलात तरी.

दोन रकान्यांची वही घ्या. डावीकडे तिथला शब्द, जसा डोक्यात आला तसा. उजवीकडे आजीला कळेल असं मराठी. शब्दाला शब्द शोधायचा नाही, आत्ताच्या प्रसंगात तुम्हाला काय म्हणायचं होतं ते लिहायचं. ‘एन्थेटा’: मला ऐकायला जड जाणारी बातमी. ‘नॅटर’: तक्रार, आणि कदाचित रास्त तक्रार. ‘वॉग’, म्हणजे संस्थेबाहेरचा माणूस: शेजारचे काका. ‘ही इज पीटीएस’: तो दमलाय, घाबरलाय. ‘आय विल हँडल हर’: मी तिच्याशी बोलेन. ‘ओव्हर्ट’ला, म्हणजे तिथे पाप मानलेल्या कृत्याला, दर वेळी वेगळं लिहावं लागतं: कधी खरीच चूक, कधी मनात आलेला विचार, कधी काहीच नाही.

एका तरुणाने माझ्यासमोर डाव्या रकान्यात ‘एआरसी ब्रेक’ लिहिलं, म्हणजे कोणाशी तरी असलेलं आपलेपण अचानक तुटणं. उजवीकडे ‘राग’ लिहून खोडलं. ‘रुसवा’ लिहिलं, तेही खोडलं. मग ‘अपमान’, ‘दुरावा’, आणि शेवटी ‘हिरमोड’. तिथे पेन थांबलं. बराच वेळ तो त्या शब्दाकडे बघत राहिला. मग म्हणाला, पदवीदान समारंभाला बाबा आले नव्हते, तेव्हा हेच झालं होतं. इतकी वर्षं त्या ठोकळ्याखाली एक साधा हिरमोड होता, आणि हिरमोड झाला तर त्याबद्दल बाबांशी बोलता येतं.

रोज पाचच शब्द घ्या. जास्त केले की मन शिणतं.

नेहमीची चूक: आत असलेल्या किंवा नुकत्याच बाहेर पडलेल्या दुसऱ्याबरोबर त्याच भाषेत संस्थेवर टीका करत बसणं. ‘ती एसपी होती, मी नव्हे’ हे वाक्य अजून आतलंच आहे.

तपासा: आईला फोनवर दहा मिनिटं तुमच्या आठवड्याबद्दल सांगा. एकही आतला शब्द न येता सांगता आलं, की पुढे जा.

## ६. आठवणी आणि कबुल्या

दोन काट्यांनी लोक रात्री जागे राहतात. पहिला: ‘मी त्यांना सगळं सांगून बसलोय.’ ऑडिटिंगच्या नोंदींची फोल्डर तिथे असतात, हे खरं. त्यातलं जे तुम्हाला सगळ्यात बोचतं, ते तुमच्या विश्वासातल्या एका माणसाला स्वतः सांगून टाका. गुपिताचा धाक ते पहिल्यांदा उच्चारलं की बराच उतरतो. धमकी आली तर ती जपून ठेवा आणि वकिलाकडे द्या. उत्तर देऊ नका.

दुसरा: आठवलेले मागचे जन्म, गर्भातले प्रसंग, लहानपणीचे अत्याचार. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा ‘आठव’ म्हटल्यावर आणि प्रत्येक तपशिलाला ‘छान’ म्हटल्यावर मन तपशील पुरवतं. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 24 जणांना लहानपणी मॉलमध्ये हरवल्याचा खोटा प्रसंग सुचवला गेला. सुमारे एक चतुर्थांश लोकांना तो पूर्ण किंवा थोडा तरी ‘आठवला’. म्हणून ऑडिटिंगमध्ये वर आलेल्या आठवणीवरून घरच्या कोणावर आरोप करण्याआधी, ती आठवण ऑडिटिंगच्या आधीही होती का, हे स्वतःला विचारा. आधीपासून होती तर ती गंभीर आहे आणि चांगल्या समुपदेशकाकडे न्यायची आहे.

## ७. मदत कोणाची घ्यायची

मनोविकारतज्ज्ञांबद्दलची भीती ही तिथली सगळ्यात खोल पेरणी आहे, ती एका दिवसात जाणार नाही. म्हणून पहिली भेट फक्त ओळखीची ठेवा. समुपदेशकाला आधीच तीन गोष्टी सांगा: मी नियंत्रण ठेवणाऱ्या गटातून आलोय, माझ्याकडे सलग रोखून बघू नका, प्रत्येक गोष्ट का करताय ते आधी सांगा. ज्याला हे ऐकून राग येतो तो तुमच्यासाठी नाही. संमोहन, ‘रिग्रेशन’, लांब ध्यान, हे सगळं सध्या दूर ठेवा. तरंगणं वाढतं.

अमेरिकेत आफ्टरमॅथ फाउंडेशन ही संस्था 2017 पासून सायंटॉलॉजी सोडणाऱ्यांना राहणं, काम, कागदपत्रं यांत मदत करते. जीव नकोसा झाला तर वाट बघू नका: अमेरिकेत 988, भारतात टेली-मानस 14416, तिथे मराठीतही बोलता येतं.

## ८. पैसे मागायचे असतील तर आता

जमवलेले कागद काढा आणि वकिलाकडे जा. तुम्ही सही केलेल्या अर्जांत, वाद संस्थेच्याच अंतर्गत लवादापुढे नेण्याची अट बहुधा असते, आणि फ्लोरिडात संघीय न्यायालयांनी ती परताव्याच्या दाव्यात उचलून धरली आहे. दुसरीकडे, धर्म सोडल्यानंतर घडलेल्या गोष्टींना ती अट लागू होत नाही, असं कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं. म्हणजे तुम्ही कधी सोडलंत याचा पुरावा महत्त्वाचा. न्याय मिळेलच, असं मी सांगणार नाही. या एका लढ्यावर बरं होणं टांगून ठेवू नका.

## ९. घरच्यांसाठी

नाशिकला, कोल्हापूरला बसून तुम्ही हे वाचत असाल तर ‘बुवाबाजी’ची मोजपट्टी बाजूला ठेवा. तुमचा मुलगा अंगारा लावून बसलेला नाही. त्याच्या लेखी ती ‘टेक’ आहे, तपासणीच्या याद्या असलेला अभ्यासक्रम आहे, आणि इंजिनिअर माणसाला तो आवडतो. चमत्कार खोटा पाडायला जाल तर त्याने चमत्काराचा दावाच केलेला नसतो.

‘ते सोड, नाहीतर आम्ही मेलो तुला’, हे वाक्य कधीही नको. संबंध तोडायची भाषा तिथली आहे; तुम्ही ती आधी वापरलीत तर त्याचं काम सोपं होतं. व्हिडिओ पाठवू नका. मामाला, मित्राला, ऑफिसातल्या साहेबाला मध्ये घालू नका.

मग करायचं काय? संस्थेचा विषय न काढता संपर्क चालू ठेवायचा. ‘कैऱ्या आणल्यात, लोणचं घालतेय. आजीची पद्धत तुला आठवते का रे, मोहरी आधी की मेथी?’ या प्रश्नाचं उत्तर फक्त त्याच्याकडे आहे, आणि ते देताना तो घरातला मुलगा असतो. शंका त्याने स्वतःहून काढली तर ‘मी म्हटलं होतं ना’ गिळा. ‘मग तुला काय वाटलं?’ इतकंच विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं कठीण आहे, मला माहीत आहे.

संबंध तोडल्याचं पत्र आलंच तर उत्तर तीन ओळींचं: ‘तुझं पत्र मिळालं. आम्हाला तू हवा आहेस. नंबर तोच आहे.’ त्यानंतर वाढदिवस, गणपती, दिवाळी, एवढेच संदेश, आणि त्यात एकही टोमणा नको. नंबर खरंच बदलू नका. लँडलाइन असेल तर तीही ठेवा. तो परत फोन करेल तेव्हा त्याला पाठ असलेला नंबर बहुधा तोच असेल.

## १०. रिकामी संध्याकाळ

तिथे आठवड्यातल्या चार संध्याकाळी आणि रविवार भरलेले होते. ती वेळ रिकामी झाली की लोक सहा महिन्यांत दुसऱ्या शिबिरात, दुसऱ्या गुरूकडे, दुसऱ्या ‘कोच’कडे जातात. निदान एक वर्ष कुठल्याही पायऱ्यांच्या मार्गावर चढू नका. संध्याकाळी भजनी मंडळ, ट्रेकिंग, मराठी मंडळाचं नाटक, पोळ्या लाटायला शिकणं, काहीही चालेल, फक्त त्यात ‘पुढची पातळी’ नको. एखाद्या गटात जायचंच असेल तर विचारा: एकूण खर्च किती? सोडून गेलेल्यांशी तुम्ही बोलता का? त्यांची टीका मी वाचली तर चालेल का?

## ११. आता श्रद्धा

वर्षभराने हबर्डचं लिखाण, न्यायालयाचे निकाल, बाहेर पडलेल्यांच्या हकिगती, सगळं वाचा. पेन्सिल घेऊन वाचा. तळहात घामेजले, छाती धडधडली तर पुस्तक मिटा, चालून या, उद्या पुढे. कुठे असहमत झालात तर समासात लिहा, ‘पटलं नाही.’ शब्दकोश उघडू नका.

काही गोष्टी कदाचित पटतील. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची सवय तिथेच लागली, असं पुष्कळ जण सांगतात. ती तुमची आहे, ठेवा.

मग पहिल्या टप्प्यातला घडी घातलेला कागद काढा. ‘माझा रूइन काय होता?’ या प्रश्नाखालचं उत्तर वाचा. वडिलांशी न बोलणं असेल तर वडिलांना फोन लावा. तोतरेपणा असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञाची वेळ घ्या.